ड्रम मशीन आणि स्टुडिओ मॉनिटर: घरच्या रेकॉर्डिंगची सुरुवात कुठून करायची

ड्रम मशीन आणलं, मॉनिटर म्हणजे स्टुडिओच्या स्पीकरची जोडी आणली, ऑडिओ इंटरफेस (आवाज कम्प्युटरमध्ये आणणारी-नेणारी पेटी) आहेच, म्हणजे आता केबली जोडल्या की झालं असं सगळ्यांनाच वाटतं. मग एक बीट तयार होते, खोलीत ऐकताना किक (ड्रमचा सगळ्यात खोल ठोका) छातीत वाजते, आणि तीच फाइल फोनवर किंवा गाडीत लावली की किक एकतर गायब असते नाहीतर सगळ्या गाण्यावर चढून बसलेली असते. यात मशीनचा दोष क्वचितच असतो, तुम्ही जे ऐकून निर्णय घेतलेत तेच तुम्हाला वाकडं ऐकू येत होतं. म्हणून इथे क्रम थोडा उलटा ठेवलाय, आधी ऐकायची व्यवस्था, मग वाजवणं, मग रेकॉर्डिंग. घाई असली तरी पहिला भाग गाळू नका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

सामानाची यादी छोटी आहे: ड्रम मशीन, दोन लाइन इनपुट असलेला इंटरफेस, अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरची जोडी म्हणजे ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो ते, आणि कानावर नीट बसणारा, आवाज बाहेर न सोडणारा बंद पाठीचा (क्लोज्ड-बॅक) हेडफोन. हार्डवेअर मशीन नसेल तर अडून बसू नका, हायड्रोजन नावाचं फुकट सॉफ्टवेअर शिकायला पुरेसं आहे आणि खाली पॅटर्नबद्दल जे लिहिलंय ते त्यातही जसंच्या तसं चालतं.

आधी स्पीकर कुठे ठेवायचे ते

मॉनिटर घेताना लोक वूफर (खालचे आवाज देणारा मोठा कोन) किती इंची याच्यावर तासन्‌तास वाद घालतात आणि घरी आणल्यावर ते टेबलाच्या दोन कोपऱ्यांत ढकलून देतात. छोट्या खोलीला पाच इंची जोडी भरपूर झाली. आठ इंची आणली तर बेस जास्त येतो खरा, पण त्या खोलीला तो झेपत नाही आणि घुमायला लागतो.

मांडणी अशी करा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, म्हणजे स्पीकर एकमेकांपासून १ मीटरवर असतील तर तुमचं डोकंही प्रत्येकापासून १ मीटरवर. ट्वीटर (वरचे आवाज देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणि तोंड तुमच्याकडे वळवलेलं. स्पीकर थेट टेबलावर नको, टेबलाचा पत्राच वाजायला लागतो, खाली फोमचे पॅड द्या किंवा सरळ स्टँडवर ठेवा. डावीउजवीकडच्या भिंती दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हव्यात, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असेल तर स्टिरिओ कायम एकीकडे झुकलेला वाटणार आणि तुम्ही पॅन (आवाज डावीउजवीकडे सरकवायचा नॉब) फिरवत बसणार.

मागच्या भिंतीचं गणित जरा समजून घ्या कारण इथेच किक हरवते. स्पीकरमधून निघालेला खालचा आवाज पुढे येतो तसा मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला समोरच्या आवाजाला मारून टाकतो. ३४३ ला वूफर ते भिंत या अंतराच्या चौपटीने भागा, ती फ्रिक्वेन्सी मिळते. ३४३ म्हणजे आवाजाचा सेकंदाचा वेग मीटरमध्ये. वूफर भिंतीपासून १ मीटर पुढे असेल तर खड्डा साधारण ८६ हर्ट्झला पडतो, बरोबर किकच्या अंगात. तेच अंतर ४० सेंटिमीटर केलं तर खड्डा २१४ हर्ट्झपर्यंत वर सरकतो, किकचा पाया वाचतो आणि तिथे भिंतीवर लावलेलं जाड शोषक थोडंफार कामही करतं. त्यामुळे छोट्या खोलीत स्पीकर भिंतीपासून लांब ओढा हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो मला पटत नाही, एकदोन वीत अंतर ठेवून भिंतीजवळच ठेवा. मागे पोर्टचं भोक असेल तर ते मोकळं राहील एवढं बघा. भिंतीमुळे बेस फुगतो, त्यासाठी बहुतेक मॉनिटरच्या पाठीवर बेस कमी करायचा स्विच असतो, तो उणे २ किंवा उणे ४ डेसिबलवर (डीबी) टाका.

आता खुर्ची. खोलीची लांबी मोजा, ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागा. ३ मीटरच्या खोलीत उत्तर येतं ५७ हर्ट्झ, आणि या सुरावर खोली स्वतःच वाजते. गंमत अशी की खोलीच्या अगदी मध्यावर हा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही आणि भिंतीला चिकटलं की दुप्पट येतो. विश्वास बसत नसेल तर ड्रम मशीनवर एक लांब, खोल किक चारच्या ठेक्यात लूपवर लावा आणि समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत जा, तीच किक वाटेत कुठे भरदार होते, कुठे पोकळ आणि मागच्या भिंतीशी तर गडगडाट. त्यातली खरी कुठली? म्हणूनच समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर डोकं येईल असं बसून सुरुवात करायची पद्धत आहे, मग तिथून वीतभर पुढेमागे सरकून बघायचं.

भिंतीवर अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम चिकटवला की खोली तयार झाली असं समजू नका. तो वरचे आवाज खातो, बेसला हातही लावत नाही, उलट खोली निर्जीव पण घुमणारी होते, जे सगळ्यात वाईट. बेससाठी कोपऱ्यांत रॉकवूल या खनिज लोकरीचे १० ते १५ सेंटिमीटर जाडीचे पॅनल लागतात. बाजूच्या भिंतींवर पॅनल कुठे लावायचा हे शोधायला आरसा वापरा. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याला आरसा भिंतीवरून सरकवायला सांगा, आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे पॅनल.

आणि हो, चांगला मॉनिटर कानाला गोड लागलाच पाहिजे असं काही नाही. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ चा पांढऱ्या कोनचा स्पीकर खरं तर घरात गाणी ऐकायला काढला होता, बेस तोकडा आणि मधले आवाज टोचणारे, पण त्याच्यावर मिक्समधली घाण लपत नाही म्हणून जगभरच्या स्टुडिओंत तो वर्षानुवर्षं टेबलावर राहिला.

केबली आणि आवाजाची पातळी

इंटरफेसच्या आउटपुटमधून मॉनिटरला बॅलन्स्ड केबल लावा, टीआरएस किंवा एक्सएलआर प्लगची, खर्रखर्र आणि मेन्सची घूं कमी येते. ड्रम मशीनची लेफ्ट आणि राइट ही दोन वेगळी आउटपुट असतात आणि त्यांना दोन वेगळ्या केबली लागतात. नवीन लोक एकच केबल लेफ्टमध्ये खुपसतात, बऱ्याच मशीनवर त्या आउटपुटवर मोनो असंही लिहिलेलं असतं, मग स्टिरिओ कुठे गेला म्हणून सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसतात.

इंटरफेसवर ही केबल लाइन इनपुटमध्ये जायला हवी. गिटारचा इन्स्ट्रुमेंट स्विच बंद, माइकसाठीचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर बंद. माइकच्या इनपुटमध्ये घातलं तर आवाज येतो पण गेन (इनपुटचा आवाज वाढवायचा नॉब) शून्यावर असतानाही फाटतो, कारण माइकच्या मानाने लाइन सिग्नल खूप मोठा असतो.

लेव्हल लावताना मशीनचा व्हॉल्यूम पाऊणच्या वर ठेवा आणि उरलेलं इंटरफेसच्या गेनवर जमवा. सगळ्यात जोरदार पॅटर्न वाजवा, नुसती किक नाही, किक, स्नेअर (कडक, तडतडीत ड्रम), क्रॅश (मोठी झांज) सगळं एकत्र, आणि मीटरचं टोक उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये राहील असं बघा. लाल दिव्याला जवळजवळ शिवलं पाहिजे हा टेपच्या जमान्यातला हिशोब आहे, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना त्याची काही गरज नाही.

चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर जो ठप्प आवाज येतो तो एखाद्या दिवशी ट्वीटर घेऊन जातो.

मग ऐकायची पातळी एकदाच ठरवून टाका. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला बेस कमी जाणवतो. म्हणजे दुपारी जोरात ऐकून केलेली किक रात्री हळू लावल्यावर बारीक वाटणार, तुम्ही ती वाढवणार, दुसऱ्या दिवशी परत कमी करणार, आणि हे संपतच नाही. फोनवर आवाज मोजायचं एखादं अ‍ॅप घ्या, एका वेळी एकाच स्पीकरमधून पिंक नॉइज (तपासणीसाठीचा सलग फुसफुसाट) लावा, खुर्चीत ७० ते ७५ डीबी येईल असा नॉब लावा आणि तिथे टेपचा तुकडा चिकटवून खूण करा. दुसरा स्पीकरही तेवढाच दाखवतोय ना ते बघा. फोनचा आकडा अगदी अचूक नसतो पण रोज तीच खूण असणं हेच महत्त्वाचं. कानाच्या दृष्टीनेही हे बरं, एनआयओएसएच या अमेरिकी संस्थेची कामाच्या जागेसाठीची मर्यादा ८५ डीबीला दिवसाचे ८ तास अशी आहे आणि पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो, ८८ ला ४ तास, ९१ ला २.

पहिला पॅटर्न

जुन्या मशीनचा थोडा इतिहास माहीत असला की आवाज निवडताना उपयोग होतो. रोलँडचं टीआर-८०८ १९८० मध्ये आलं, त्यात खरे ड्रम नव्हतेच, सगळे आवाज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून तयार होत, म्हणून ती किक म्हणजे जवळजवळ एक सरळ खोल सूर आहे. त्याच वर्षी रॉजर लिन यांनी एलएम-१ काढलं, खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने (सॅम्पल) असलेलं पहिलं मशीन. १९८३ चं टीआर-९०९ दोन्हीच्या मध्ये, किक आणि स्नेअर सर्किटच्या, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि सिंबल नमुन्यांच्या. आजच्या कुठल्याही मशीनमध्ये या तिघांच्या घराण्यातले आवाज सापडतात. गाण्यात बेस गिटार असेल तर ९०९ सारखी आखूड, ठोसा देणारी किक घ्या, बेसचं कामही किकनेच करायचं असेल तर ८०८ सारखी लांब.

मशीनवर १६ बटणांची ओळ असते. चार मात्रांचा एक बार, प्रत्येक मात्रेचे चार भाग, असे १६. सुरुवात अशी करा: किक १ आणि ११ वर, स्नेअर ५ आणि १३ वर, बंद हाय-हॅट सगळ्या विषम बटणांवर. टेम्पो ९० ठेवा. लावा आणि दोन मिनिटं काहीही न बदलता ऐका. आता ८ वर आणखी एक किक टाका पण तिचा जोर निम्मा ठेवा. ठेका लगेच पुढे झुकल्यासारखा वाटतो ना, तो त्या एका हलक्या ठोक्याने. सहा मात्रांचं काही हवं असेल तर पॅटर्नची शेवटची स्टेप १२ करा आणि एका मात्रेला दोन बटणं धरा, सात मात्रांना १४.

मशीन मशीनसारखं वाटतं याचं पहिलं कारण म्हणजे सगळे ठोके सारख्याच जोराने पडतात. जोराचा आकडा १ ते १२७ असतो. हाय-हॅट सोळाही बटणांवर भरा आणि मग प्रत्येक मात्रेत जोर १००, ५५, ८०, ५५ असा द्या, बाकी काही नका करू. हाताने वाजवणारा माणूस असाच वाजवतो, एक ठोका मनगटाचा, एक नुसता बोटांचा. ज्या मशीनवर जोर नाही, फक्त अ‍ॅक्सेंट (निवडक ठोके जोरात पाडायची सोय) आहे, तिथे १, ५, ९, १३ ला अ‍ॅक्सेंट द्या आणि हॅटचा एकूण व्हॉल्यूम खाली घ्या.

दुसरं कारण स्विंग नसणं, म्हणजे मधले ठोके जरा उशिरा न पडणं. टेम्पो १२० असेल तर दोन बटणांमधलं अंतर १२५ मिलिसेकंद. स्विंग ५० म्हणजे सरळ. ५४ केलं की प्रत्येक सम आकड्याचं बटण १० मिलिसेकंद उशिरा पडतं, ५८ ला २० आणि ६६ ला ४०, तिथे तीन भागांच्या (ट्रिपलेट) चालीची उडी लागते. रॉजर लिन यांनीच ही टक्क्यांची पद्धत आणली आणि पुढे १९८८ च्या अकाई एमपीसी-६० मधून ती सगळीकडे पसरली. सगळे जण थेट ६६ लावून बघतात आणि हे आपल्या गाण्याला शोभत नाही म्हणून बंद करतात. ५३ ते ५८ मध्ये रेंगाळा. तिथे स्विंग वेगळा ऐकू येत नाही, फक्त मान हलायला लागते.

एक बारीक गोष्ट: उघडी हाय-हॅट वाजत असताना बंद हॅट आली की उघडी कापली गेली पाहिजे. पाय दाबून झांजा मिटल्यावर जसं होतं तसं. बहुतेक मशीनमध्ये हे आपोआप असतं, पण स्वतःचे नमुने भरले असतील तर दोन्ही एकाच चोक ग्रुपमध्ये टाकावे लागतात.

लय कुणाच्या हातात

मशीन आणि कम्प्युटर दोघांनी आपापली लय धरली तर तिसऱ्या कडव्यापर्यंत भांडण दिसायला लागतं, दोघांच्या घड्याळात किंचित फरक असतोच. एकाला मालक करा. माझं मत, कम्प्युटर मालक आणि मशीन चाकर. यूएसबी किंवा मिडी (वाद्यं आणि कम्प्युटर यांच्यातली संदेशांची भाषा) केबल जोडा, सॉफ्टवेअरमध्ये मिडी क्लॉक पाठवणं चालू करा, मशीनवर क्लॉक बाहेरून घे असं सेटिंग करा. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ टिक म्हणजे छोटे इशारे पाठवतं, त्याबरोबर स्टार्ट आणि स्टॉपचे संदेश जातात, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये प्ले दाबलं की मशीनही सुटतं.

कम्प्युटरवरून मशीनचे आवाज वाजवायचे असतील तर जनरल मिडी या ठरलेल्या यादीतले नोटचे आकडे लक्षात ठेवा: चॅनल १०, किक ३६, स्नेअर ३८, बंद हॅट ४२, उघडी हॅट ४६. किक दाबल्यावर काउबेल वाजत असेल तर बहुतेक इथेच गोंधळ आहे.

रेकॉर्ड करताना

सगळे ड्रम एकाच स्टिरिओ ट्रॅकवर घेतले तर नंतर स्नेअर वाढवायची म्हटलं की हॅटही वाढते. मशीनला प्रत्येक आवाजाचं वेगळं आउटपुट असेल किंवा यूएसबीवरून वेगवेगळे ट्रॅक येत असतील तर प्रश्नच मिटला. नसेल तर ही युक्ती करा, किकचा पॅन पूर्ण डावीकडे आणि बाकी सगळ्यांचा पूर्ण उजवीकडे, मशीनचे रिव्हर्ब वगैरे बंद, आणि दोन मोनो ट्रॅकवर रेकॉर्ड करा. एकाच फेरीत किक एकटी सुटी मिळते. मग पुढच्या फेरीत स्नेअर डावीकडे, हॅट उजवीकडे, बाकीचे म्यूट, असं करत पाहिजे तेवढं सुटं करता येतं. क्लॉक जोडलेलं आहे म्हणून फेऱ्या एकमेकांवर बसतात, तरी काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतातच, म्हणून प्रत्येक ट्रॅकचा पहिला ठोका झूम करून ग्रिडला टेकवा. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण किक आणि तिच्याबरोबर पडणारी क्लॅप जराशी सरकली तरी ठोसा पातळ होतो.

त्याच्यावर गाणं किंवा गिटार रेकॉर्ड करताना मॉनिटर बंद आणि हेडफोन चालू. खोलीत बीट वाजत असेल तर ती माइकमध्ये शिरते आणि मग तो टेक चांगला असूनही बीट बदलता येत नाही. आवाज उशिरा कानात येतोय असं वाटलं तर बफर (कम्प्युटर आवाज किती साठवून मग पुढे देतो ते सेटिंग) १२८ सॅम्पलवर आणा, ४८ किलोहर्ट्झला तो एका बाजूने तीन मिलिसेकंदांच्याही आत आहे. मिक्स करताना परत वाढवा, नाहीतर कम्प्युटर धापा टाकतो.

किक आणि बेसचं जमवणं

८०८ सारखी किक हा सूर आहे, म्हणून ती गाण्याच्या स्वराला लावावी लागते. खालचा ए ५५ हर्ट्झ, जी ४९, ई ४१. ट्यूनरवर किक पकडत नसेल तर तिचा डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) लांब करून ट्यून करा आणि मग परत आखूड करा.

आता पाच इंची मॉनिटर साधारण ५० हर्ट्झच्या खाली दमतात. तुमची किक ४१ वर असेल तर तिचा पाया तुम्हाला ऐकूच येत नाहीये, ऐकू येतोय तो वरचा ८२ चा पडसाद (हार्मोनिक), आणि पाया ऐकू येत नाही म्हणून तुम्ही बेस वाढवत राहता. सॉफ्टवेअरमधला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर डोळ्यासमोर ठेवा आणि हेडफोनवर पडताळा. उपाय बूस्टचा नाही, किकवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) द्या, त्याने वरचे पडसाद वाढतात आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरवरही किक आहे हे कळतं. बेस गिटार किंवा सिंथ बेस त्याच जागेत असेल तर दोघांतल्या एकालाच सगळ्यात खालची जागा द्या, दुसऱ्याला ८० च्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावून वर बसवा.

तपासायला तुमच्या गाण्याच्या जातीचं एखादं प्रसिद्ध झालेलं गाणं त्याच सॉफ्टवेअरमध्ये घ्या, पण त्याचा आवाज खाली आणून तुमच्या मिक्सच्या बरोबरीला आणा, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. मग मास्टरवर मोनोचं बटण दाबा. मोनोत स्नेअर किंवा क्लॅप अर्धी होत असेल तर तिच्यावरचा स्टिरिओ इफेक्ट काढा.

फाइल बाहेर काढताना सगळे ड्रमचे ट्रॅक पहिल्या बारच्या सुरुवातीपासून, एकाच लांबीचे, २४ बिट वेव्हमध्ये काढा आणि फाइलच्या नावात टेम्पो आणि स्विंगचा आकडा घाला. मशीनमधला पॅटर्नही सेव्ह करा आणि कम्प्युटरवर बॅकअप घ्या, बऱ्याच मशीनवर पॅटर्न बदलला की न सेव्ह केलेलं सगळं विचारल्याशिवाय उडतं.